बशीर पेंटरचा ज्वालामुखी

“मॅडम, ह्या डोंगराले काय झालं?”

आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभं राहून एका अनोळखी माणसाने मला हा प्रश्न विचारला. आवाज असा, की डोंगर त्याचा सख्खा मामा असावा आणि कालच दवाखान्यात भरती केलेला असावा. माणूस पन्नाशीचा, काटकुळा, दाढीत पिकलेले केस किती आणि ऑइलपेंट किती हे कळू नये असा. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड कागद माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांवरच उलगडला. जुनं छापील चित्र होतं, वरून हाताने रंग भरलेलं. डोंगराचा माथा फुटलेला, त्यातून तांबडा लोट खाली येतोय, वर धुराचं झाड उभं राहिलंय, आणि समोर उंच टोप्या घातलेली चार-सहा माणसं निवांत बघत उभी. एकाने तर छत्री उघडली होती.

“ज्वालामुखी आहे हा,” मी म्हटलं. “इटलीतला. व्हेसुव्हियस.”

“आता बरा हाये का?”

मला हसू फुटलं. “अजून धुमसतो म्हणतात.”

“म्हणतात! म्हणजे तुम्ही पाहून नाही, ऐकून सांगून राह्यल्या.”

मी वीस वर्षं ज्वालामुखी शिकवत होते. मुलांनी मला ‘हे परीक्षेत येईल का’ याखेरीज काहीही विचारलेलं नव्हतं, आणि हा गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांत माझी साक्ष कच्ची ठरवून मोकळा झाला. राग आला. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली कुठेतरी मी फार दिवसांनी जागीही झाले.

हे बशीरभाई. पांढरकवड्यात नागपूर-हैदराबाद हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकच्या पाठीवर ताजमहाल, काश्मीरचं तळं, जबडा उघडलेला वाघ काढावा, दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, सरकारी कामं मिळाली तर किलोमीटरचे दगड आणि जंगलातले फलक लिहावेत, हा धंदा. मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे साताऱ्याकडून तोंड वाकडं करून आलेली. दोन वर्षं कशीबशी काढायची आणि निघायचं, असं ठरवून मी पेट्याही पूर्ण उघडल्या नव्हत्या. त्या पेट्या उघडायला लावण्याचं श्रेय बशीरभाईंना आणि त्यांच्या वाळवी लागलेल्या पुस्तकाला आहे.

पुस्तक त्यांना रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. साहेबांच्या काळातला कुठलासा बंगला रिकामा झाला, त्यातला माल. कव्हर गेलेलं, पहिली पानं वाळवीने फस्त केलेली, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नावगाव काहीच कळत नव्हतं. पण शिवण उसवून सुटी झालेली चित्रं शाबूत होती. वेगवेगळ्या शतकांतल्या लोकांनी काढलेले ज्वालामुखी कुणीतरी हौसेने एकत्र केले होते. बशीरभाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला चित्रकला येत नव्हती. मग दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे येऊ लागले. मी डिक्शनरी घेऊन चित्रांखालच्या ओळी लावायची, आणि ते भिंग घेऊन चित्र वाचायचे. हो, वाचायचेच.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी त्यांनी चित्रांचे दोन गठ्ठे केले. एक ‘पाहून’ आणि एक ‘ऐकून’.

“हा पाहा,” एक चित्र नाचवत ते म्हणाले, “ह्यानं धूर कसा काढला? फुलकोबी! अन् डोंगर कसा? कागदाच्या पुडीवाणी टोकदार. हा घरीच बसून होता, मॅडम. कोण्या तरी खलाशानं सांगतलं अन् ह्यानं काढलं. मी ओळखतो न ह्याले. हा मायाच भाऊ हाये. मी चारशे ताजमहाल काढले अन् एकबी पाह्यला नाही.”

एका चित्रात पृथ्वीच मधोमध कापून दाखवली होती. पोटात आगीची मोठी कोठारं, त्यांच्यातून निघालेल्या नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला एक फुटणारा डोंगर. मी म्हटलं, हे तर उघडच ऐकीव आहे. बशीरभाईंनी ते कितीतरी वेळ हातातून सोडलं नाही. “ऐकूनच हाये. पृथ्वी कापून कोण पाह्यली? पण काय काढलं बाप्पा! ह्याच्या पोटात आग असल्याबिगर असं निघत नाही.” ते चित्र त्यांनी कुठल्याच गठ्ठ्यात टाकलं नाही.

आणि मग एक दिवस ते ओरडलेच. आमच्या ह्यांच्या हातातला चहा सांडला. भिंगाखाली व्हेसुव्हियसचं ते पहिलंच चित्र होतं. “मॅडम, इकडं या! इथं, खाली कोपऱ्यात! हा बसला पाहा दगडावर. मांडीवर कागद हाये त्याच्या. हा गेलता! हा स्वतः गेलता, अन् जाऊन आल्याची निशाणी ठेवली पठ्ठ्यानं!” नखाएवढा माणूस होता तो. मी ते चित्र पंचवीस वेळा पाहिलं असेल, मला दिसला नव्हता. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आगीच्या तोंडाशी बसून चित्र काढणारा तो माणूस सापडला म्हणून त्या दिवशी आम्ही तिघांनी पुन्हा चहा केला.

त्यांचं हे वेड फक्त चित्रांपुरतं नव्हतं. हॉटेलात कुणी म्हटलं की बाजारात भाव पडला, की हे विचारणार, “पाहून का ऐकून?” माझ्या वर्गावरून जाताना त्यांनी फळ्यावरचा माझा ज्वालामुखी पाहिला. उलटा फनेल, वर धूर. खिडकीतून मान आत घालून भर वर्गात म्हणाले, “मॅडम, फुलकोबी!” पोरं आठवडाभर हसत होती. मी चिडले, पण तेव्हापासून तसं चित्र काढायला माझा हात धजला नाही.

ह्या प्रश्नामागे काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कापसाची ती वर्षं वाईट होती. वर्तमानपत्र उघडायला नको वाटायचं. त्याच्या आधी दोन-तीन हंगाम बशीरभाईंनी बियाण्याच्या जाहिराती भिंतींवर रंगवल्या होत्या. गावोगाव, आर्णीपर्यंत. नारळाएवढी बोंडं, पांढरीशुभ्र, हिरव्यागार झाडावर डझनाने लगडलेली. एका गावात ते दुसऱ्या हंगामाला रंग ताजा करायला गेले तेव्हा दादाराव नावाचा एक म्हातारा शेतकरी भिंतीसमोर येऊन उभा राहिला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. नुसतं विचारलं, “बशीरभाई, हे बोंडं तुम्ही कोणाच्या वावरात पाह्यले?”

“मी कोण्याच वावरात पाह्यले नव्हते, मॅडम,” बशीरभाई म्हणाले. “मी तं कंपनीच्या कागदावरून काढले होते. तो कागदवाला कोण्या दुसऱ्या कागदावरून. अन् ह्या माणसानं मायी भिंत पाहून पेरलं.” त्यांनी त्याच दिवशी चुना आणून ती भिंत पांढरी केली आणि ती कामं सोडली. सोडली म्हणजे घरात तंगी आली. पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही, म्हणून मीही काढत नाही.

मग मी त्यांना माझ्याकडची सगळ्यात मोठी बातमी सांगितली. आपण उभे आहोत तो सगळा मुलूखच ज्वालामुखीचा आहे. डोंगराच्या तोंडातून नव्हे, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर आला, दूध उतू जावं तसा पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर पसरला. त्याचा काळा दगड झाला, आणि दगड झिजून झिजून कपाशीची काळी माती.

बशीरभाई उठून उभेच राहिले. पायांखाली पाहू लागले. “म्हणजे आपण फुटेल डोंगरावर राहून राह्यलो? अन् तुम्ही हे मले आता सांगता?” पुढचे आठ दिवस त्यांनी हायवेवर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की तुमची कपाशी आगीवर उभी आहे. एक शेतकरी शांतपणे म्हणाला, “तरीच म्हटलं, जळून काहून राह्यली!” सगळे हसले. बशीरभाई हसले नाहीत, ते फक्त मला येऊन म्हणाले, “मॅडम, हे बी ऐकूनच हाये न? पाह्यलं पाहिजे.”

आणि त्यांनी पाहिलं! झरी जामणीकडे जंगलातून नवीन रस्ता होत होता. त्याचे किलोमीटरचे दगड रंगवायचं काम बशीरभाईंना मिळालं होतं. एका मंगळवारी माझा सातवीचा तास चालू असताना ते खिडकीत प्रकटले. हात पांढऱ्या-पिवळ्या रंगाने बरबटलेले, दम लागलेला. “मॅडम, सहा बाजू! खांब! पुस्तकातले!” एवढंच बोलता आलं.

पुस्तकात तसं एक चित्र होतंच. समुद्राकाठी सहा बाजूंच्या काळ्या दगडी खांबांची रांगच रांग. त्याखाली लिहिलं होतं की हे पाण्यातून घडले की आगीतून, यावरून विद्वानांची भांडणं चालली आहेत. बशीरभाईंनी ते ‘ऐकून’च्या गठ्ठ्यात टाकलं होतं. दगड असे पेन्सिलीसारखे तासलेले असतच नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

रविवारी पुढे त्यांची लुना, मागे माझी स्कूटी. कोलामांच्या एका लहानशा पोडाच्या, म्हणजे वस्तीच्या पलीकडे नाला होता, आणि नाल्याच्या काठावर ते उभे होते. काळेभोर, एकमेकांना चिकटलेले, कुणी पाच बाजूंचे, बहुतेक सहा बाजूंचे, काही माझ्या डोक्याच्या वर. मी पुस्तकात शिकले होते, लाव्हा सावकाश थंड झाला की आकसतो आणि तडकतो. पण हात लावल्यावर जे झालं ते मी शिकले नव्हते. मी भूगोलाची बाई असून रडले. बशीरभाई एका खांबावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. “काळ्या वावराले उन्हाळ्यात भेगा पडते न, मॅडम? तशाच! तेच डिझाइन! हा दगड बी उन्हातच वाळला समजा!” मग ते थांबले आणि कान पकडून म्हणाले, “तो समुद्राचा चित्रवाला बी गेलता. मी त्याले उगाच बदनाम केलं.”

पोडावरची सोनाबाई आत्राम आमच्याकडे पाहत होती. “चपला काढा,” ती म्हणाली. “हे देवानं रचून ठेवले. आम्ही इथं चपला घालून येत नाही.” आम्ही चपला काढल्या. मग तिने सांगितलं की आठ दिवसांनी मशीन येणार आहे. रस्ता इथूनच जायचा होता, आणि हे खांब फोडून त्याच रस्त्याची गिट्टी होणार होती.

बशीरभाईंचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते पुढच्या सोमवारी खडी होऊन जाणार होतं. आम्ही अर्ज केला, अर्जाची पोच मिळाली. ठेकेदाराच्या मुकादमाला भेटलो, तो म्हणाला, “मॅडम, दगडच तं हाये.” शनिवार आला. तेव्हा बशीरभाईंना कल्पना सुचली. सरकारी पिवळ्या रंगात, सरकारी वळणाने ज्या गोष्टीवर नंबर पडतो, त्या गोष्टीला कुणी हात लावत नाही. विजेचे खांब, पूल, किलोमीटरचे दगड. तीस वर्षं ते हेच करत आले होते.

“‘दगड हलवू नयेत’ असा फलकही लावू,” मी म्हटलं.

“नाही. तसा हुकूम कोणी देला नाही, ते खोटं होईन. फक्त नंबर. मोजले म्हणून नंबर. मोजणं खोटं नाही.”

रविवारी आम्ही एक ते एकशे सात नंबर टाकले. एक ते एकोणसाठ त्यांनी, साठपासून पुढचे मी, त्यांनी आखून दिलेल्या रेघांत. काय मजा आली! शाळेतल्या पोरीसारखा माझा फ्रॉक रंगायचा तेवढा बाकी होता. सोनाबाई बाजाराला गेली होती. तिला विचारायला हवं होतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी मुकादमाने नंबर पाहिले, वर फोन केला, नंबर पडलेत म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर आलं, मग नंबराप्रमाणे उचला. आणि त्याने एकपासून सुरुवात केली.

निरोप मिळून आम्ही पोचलो तेव्हा अकरा खांब फुटले होते आणि बाराव्यावर सोनाबाई मांडी घालून बसली होती. मशीन समोर घरघरत होतं. ती मुकादमाकडे पाहतच नव्हती, ती बशीरभाईंकडे पाहत होती.

“नंबर काहून टाकला, भाऊ? जंगलात ज्या झाडाले नंबर पडते ते झाड कापाले पडते. हे तुले माहीत नाही?”

खरंच माहीत नव्हतं. हायवेवर नंबर म्हणजे राखलेलं, आणि जंगलात नंबर म्हणजे तोडायचं. बशीरभाई खाली बसले, फुटलेल्या तुकड्यावर हात ठेवला. मला वाटलं आता हे उठत नाहीत. पण ते उठले आणि मुकादमासमोर गेले. “हे नंबर सरकारचे नाही. माये हायेत. मी टाकले, कोणाले न विचारता.”

“लेखी देता?” मुकादम घाबरून म्हणाला, कारण आता अकरा दगड त्याच्या अंगावर आले होते.

“देतो.”

त्यांनी दिलं. तिथेच, लुनाच्या सीटवर कागद ठेवून. ‘सर्व एकशे सात नंबर मी एकट्याने टाकले.’ मी तोंड उघडलं तर माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “मॅडम, तुमची शाळा भरली असंन. जा.” आणि मी गेले. माझी नोकरी होती, नवऱ्याची बँक होती, मी गेले. ते लिहायला आजही हात जड होतो.

पण त्या कागदाने जे केलं ते आमच्या अर्जाने केलं नव्हतं! सरकारी खुणांची नक्कल म्हणजे गुन्हा. साहेब आले, तलाठी आला, पंचनामा झाला. ‘एकूण दगड एकशे सात, पैकी अकरा भग्न. चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणीही दगड हलवू नयेत.’ मशीन परत गेलं. ठेकेदाराने महिनाभर वाट पाहिली आणि रस्ता नाल्याच्या पलीकडून नेला. दगड आता देवाचेही होते आणि पुराव्याचेही.

मग सुरू झाल्या बशीरभाईंच्या तारखा. तालुक्याच्या कचेरीत दर नवा साहेब म्हणायचा, “अहो पेंटर, माफी लिहून द्या, मिटवून टाकू.” रस्त्याचं रुंदीकरण कागदावर होतंच, प्रकरण मिटलं की जागा मोकळी. बशीरभाई हात जोडून म्हणायचे, “साहेब, चौकशी तं पुरी होऊ द्या. अकरा दगडाचं काय झालं, ते बी पाह्याले पाहिजे.” सात वर्षं हा माणूस आरोपी राहिला, आणि इतक्या आनंदाने राहिलेला आरोपी त्या कचेरीने पाहिला नसेल. तारखेला जाताना इस्त्रीचा शर्ट. तारखेहून परतताना पोडावर फेरी. सोनाबाई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि त्या दिवशी ते थेट आमच्याकडे येऊन तेवढंच सांगून गेले.

उरलेल्या शहाण्णव खांबांची चित्रं त्यांनी एकेक करून काढली, तिथे बसून, मांडीवर कागद घेऊन. ट्रकवाल्यांनाही ताजमहालाऐवजी तेच काढून देऊ लागले. हैदराबादचा एक ड्रायव्हर म्हणाला, “चाचा, ये कौन सा मंदिर है?” बशीरभाई म्हणाले, “जाके देख. फिर बताता.”

फेब्रुवारीत एका दुपारी, दुकानातच, ब्रश धुता धुता ते गेले. मी पोचले तेव्हा टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश तसेच उभे होते. मला माझे वडील गेल्यावर जितकं पोरकं वाटलं नव्हतं तितकं वाटलं. माझ्यासारख्या तोंड वाकडं करून आलेल्या बाईला ह्या माणसाने पायांखालची जमीन दाखवली होती.

महिन्याभराने तारीख होती. मी रजा टाकून गेले. कारकून नवा होता. त्याने फाईल काढली, वरवर चाळली आणि सहानुभूतीने म्हणाला, “आरोपी मयत आहे ना, मॅडम. आज प्रकरण निकाली निघेल. तुम्ही कशाला त्रास घेतला?”

माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तरी त्या खिडकीत मी माझ्या सातवीच्या वर्गात बोलते त्या आवाजात बोलले.

“ह्या जबाबात एक चूक आहे. बशीरभाईंनी जन्मात एकच गोष्ट खोटी लिहून दिली, ती ही. सगळे नंबर त्यांनी टाकले नव्हते.”

“मग कोणी टाकले?”

“साठ ते एकशे सात मी टाकले. लिहून घ्या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, आत साहेबांकडे जाऊन आला. मग कोरा कागद पुढे सरकवला आणि कॅलेंडरचं पान उलटत म्हणाला, “मॅडम, पुढची तारीख जून महिन्यातली मिळेल. चालेल?”

मी म्हटलं, चालेल.